एकाआड एक चौकोन: सरकारी जमिनीवर उभी राहिलेली इलिनॉय सेंट्रल रेल्वे

शिकागोहून शॅम्पेनच्या विद्यापीठात शिकायला जाणारी आपली मुलं ज्या गाडीने जातात, तिच्या खिडकीतून कँककी मागे पडल्यावर फक्त मका दिसतो, सोयाबीन दिसतं आणि अधूनमधून धान्याचं एखादं उंच कोठार. पाहण्यासारखं काही नाही असं वाटतं. पण रुळांवरची फाटकं मोजून बघा. साधारण दर मैलाला एक रस्ता रूळ ओलांडतो आणि दोन्हीकडे सुतासारखा सरळ क्षितिजापर्यंत जातो. ही आखणी रेल्वेची नाही. तिथे नुसतं गवत होतं तेव्हा सरकारी मोजणीदारांनी साखळ्या ओढून त्या रेषा मारल्या. रेल्वे नंतर आली, आणि ती याच चौकोनांच्या जोरावर आली.

अमेरिकेत सरकारी जमीन देऊन, ती विकून रेल्वे उभारण्याचा पहिला मोठा प्रयोग इलिनॉय राज्यात १८५० साली ठरला. पुढे पॅसिफिकपर्यंत गेलेल्या रेल्वेमार्गांना कोट्यवधी एकर जमीन मिळाली, तिचा साचा इथेच घडला. म्हणून हे प्रकरण तपशिलात पाहायचं. पाहताना एक प्रश्न हातात धरून ठेवायचा: सरकारने काय दिलं हे सगळेच सांगतात, पण देताना स्वतःकडे काय राखलं?

जमीन ‘सरकारी’ झाली कशी

आधी एक नोंद करायलाच हवी. १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धात सॉक आणि फॉक्स लोकांना मिसिसिपीच्या पलीकडे हुसकावण्यात आलं. १८३३ च्या शिकागोच्या तहानंतर पोटावाटोमींनाही पश्चिमेला जावं लागलं. रेल्वेचा कायदा झाला तेव्हा या गोष्टीला वीस वर्षंही झाली नव्हती. पुढच्या हिशेबात ‘पडीक सरकारी जमीन’ असा शब्द येईल तेव्हा तिची किंमत आधी कोणी मोजली, हे विसरायचं नाही.

आता चौकोन. १७८५ च्या कायद्याप्रमाणे जमिनीचे सहा मैल लांब, सहा मैल रुंद असे तुकडे पाडले जात. त्याला टाउनशिप म्हणत. एका टाउनशिपमध्ये एक चौरस मैलाचे ३६ चौकोन, म्हणजे सेक्शन. एक सेक्शन ६४० एकरांचं. त्यांचे क्रमांक शेतात औत फिरावं तसे जातात: पहिल्या ओळीत उजवीकडून डावीकडे १ ते ६, मग तिथेच वळून खालच्या ओळीत डावीकडून उजवीकडे ७ ते १२, पुन्हा वळून पुढे. कागदावर काढून बघा. औताच्या या फेऱ्यांमुळे सम क्रमांकांचे चौकोन आपोआप बुद्धिबळाच्या पटावरच्या काळ्या घरांसारखे पडतात, आणि विषम क्रमांकांचे पांढऱ्या घरांसारखे. १६ क्रमांकाचा चौकोन शाळेसाठी राखलेला असे. म्हणजे इथे एकही पाटी-पेन्सिल पोचण्याआधी शाळेची तजवीज कागदावर झालेली होती.

या जमिनीचा सरकारी किमान भाव एकरी सव्वा डॉलर होता. इलिनॉयच्या मध्यभागातली लाखो एकर जमीन त्या भावालाही वर्षानुवर्षं पडून राहिली. नदी दूर, जंगल दूर, कुंपणाला लाकूड नाही, आणि पिकवलेला मका बैलगाडीने बाजारात न्यायचा तर मक्याच्या किमतीइतकं भाडं जायचं. माती काळीभोर, पण गिऱ्हाईक नाही.

आधीचं बुडीत खातं

राज्याने एकदा हात पोळून घेतलेले होते. फेब्रुवारी १८३७ मध्ये इलिनॉयच्या विधिमंडळाने १ कोटी डॉलरहून मोठा बांधकामांचा कायदा केला. सगळीकडे एकाच वेळी रेल्वे, नद्यांची डागडुजी, आणि ज्या जिल्ह्यांत काहीच जाणार नव्हतं त्यांची समजूत काढायला रोख २ लाख डॉलर. पैसा राज्याच्या नावावर काढलेल्या कर्जातून यायचा होता. अब्राहम लिंकन तेव्हा तरुण आमदार, तोही या बेताच्या बाजूने. त्याच वर्षी अमेरिकेत आर्थिक कोसळ झाली. या सगळ्या खटाटोपातून हाती लागली ती फक्त मेरेडोशिया ते स्प्रिंगफिल्ड ही छोटी रेल्वे. इंजिनं निकामी झाल्यावर तिथे गाड्या खेचरांनी ओढल्या. १८४७ मध्ये ती लिलावात २१,१०० डॉलरला गेली, आणि राज्य कर्जाचं व्याजही देऊ शकत नव्हतं.

ही पार्श्वभूमी मला महत्त्वाची वाटते, कारण १८५० च्या कराराच्या प्रत्येक अटीत या फजितीची आठवण आहे. राज्याकडे रोकड नव्हती, पत नव्हती. होती ती फक्त गिऱ्हाईक नसलेली जमीन, आणि तीही केंद्र सरकारच्या मालकीची.

सौदा

सिनेटर स्टीफन डग्लस यांनी हा सौदा जमवला. आधीच्या प्रयत्नांत डॅरियस हॉलब्रुक नावाचे, इलिनॉयमधल्याच कैरो शहराचे प्रवर्तक होते. जमिनीचा हक्क थेट आपल्या कंपनीकडे यावा अशी त्यांची खटपट होती. डग्लस यांनी तिथे पाय रोवला: जमीन मिळेल ती राज्याला, कंपनीला नाही, कंपनी कोणती आणि कोणत्या अटींवर, ते राज्य ठरवेल. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच. दुसरी चाल मतांची. दक्षिणेचे सिनेटर उत्तरेच्या रेल्वेला मत देईनात, म्हणून मार्ग मिसिसिपी आणि अलाबामातून थेट मोबाइल बंदरापर्यंत वाढवला आणि त्या राज्यांनाही जमीन देऊ केली. २० सप्टेंबर १८५० रोजी राष्ट्राध्यक्ष मिलार्ड फिलमोर यांनी कायद्यावर सही केली.

इलिनॉयला मिळालं ते असं. रुळांसाठी २०० फूट रुंद पट्टी. मार्गाच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा मैलांच्या आतले सम क्रमांकांचे चौकोन. त्यातले काही आधीच विकले गेले असतील, तर पंधरा मैलांपर्यंतच्या पट्ट्यातून बदली चौकोन. गणित सोपं आहे: मार्गाच्या एका मैलामागे १२ चौकोन, त्यांतले निम्मे ६, म्हणजे ३,८४० एकर. मार्ग ७०५ मैलांचा, तेव्हा हिशेबाने २७ लाख एकर व्हायला हवे होते. प्रत्यक्षात साधारण २५ लाख ९५ हजार एकर मिळाले, कारण सगळीकडे बदली जमीन शिल्लक नव्हती.

उरलेले विषम चौकोन केंद्राने स्वतःकडे ठेवले आणि त्यांचा किमान भाव सव्वावरून अडीच डॉलर केला. डग्लस यांच्या बाजूचा युक्तिवाद असा की निम्मी जमीन देऊन उरलेली निम्मी दुप्पट भावाने विकली, तर सरकारचं एक पैशाचंही नुकसान नाही. मार्ग पक्का झाल्यावर ही जमीन १८५२ मध्ये पुन्हा विक्रीला आली. जी वर्षानुवर्षं सव्वा डॉलरला जात नव्हती, ती अडीचला हातोहात गेली.

हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. सरकारचं नुकसान झालं नाही, हे बरोबर. पण तो वरचा सव्वा डॉलर आला शेतकऱ्याच्या खिशातून, आणि अनेकदा मधल्या सट्टेबाजाचा नफा धरून आला. सैनिकांना बक्षीस दिलेल्या जमिनीच्या चिठ्ठ्या बाजारात दर्शनी किमतीपेक्षा स्वस्तात मिळत. त्या गोळा करून बड्या मंडळींनी विषम चौकोन उचलले.

सनद: सात टक्के

१० फेब्रुवारी १८५१ रोजी राज्याने पूर्वेकडच्या भांडवलदारांच्या गटाला सनद दिली. मॅसॅच्युसेट्सचे रॉबर्ट रँटूल त्यांची बाजू मांडत होते. सनदेत कामाच्या मुदती होत्या आणि हमी म्हणून २ लाख डॉलर राज्याकडे ठेवायचे होते. पण खरं कलम पैशाचं. कंपनीने दरवर्षी आपल्या एकूण उत्पन्नाच्या ५ टक्के राज्याला द्यायचे, आणि राज्याचा कर धरून ही रक्कम एकूण उत्पन्नाच्या किमान ७ टक्के व्हायला हवी. त्या बदल्यात इतर करांतून सूट.

‘एकूण उत्पन्न’ या शब्दांकडे नीट बघा. नफ्यावरचा हिस्सा असता, तर हुशार हिशेबनिसाने नफाच दाखवला नसता. तिकीट आणि मालभाडं मिळून जी रक्कम गल्ल्यात आली, तिच्यावर हिस्सा. तिथे पळवाट काढणं फार अवघड. १८३७ मध्ये पोळलेल्या लोकांनी लिहिलेलं हे कलम आहे. १८७० च्या राज्यघटनेत इलिनॉयने आणखी एक कडी घातली: कोणत्याही विधिमंडळाला या रकमेतून कंपनीला मोकळं करता येणार नाही. आधी हा पैसा राज्याच्या जुन्या कर्जफेडीसाठी, ते फिटल्यावर नेहमीच्या खर्चासाठी.

मका, कॉलरा आणि कर्जरोखे

जमीन मिळाली म्हणून रूळ पडत नाहीत. ती विकली जायला रेल्वे हवी आणि रेल्वे बांधायला पैसा आज हवा. म्हणून जमीन आधी तारण म्हणून वापरली गेली. २० लाख एकर १ कोटी ७० लाख डॉलरच्या कर्जरोख्यांना तारण, अडीच लाख एकर व्याजाच्या तजविजीसाठी, उरलेले ३ लाख ४५ हजार कंपनीच्या हाताशी. रोखे आणि शेअर लंडनमध्येही गेले. मुक्त व्यापाराचे पुरस्कर्ते रिचर्ड कॉब्डेन यांनी त्यात इतका पैसा गुंतवला की पुढे ते अडचणीत आले, आणि १८५९ मध्ये ते स्वतः हा मार्ग बघायला आले.

रॉझवेल मेसन मुख्य अभियंता होते. २३ डिसेंबर १८५१ रोजी काम सुरू झालं. माणसं आणायला न्यूयॉर्कमध्ये कंपनीच्या जाहिराती लागल्या: ३,००० मजूर हवेत, मजुरी दिवसाला सव्वा डॉलर. हा आकडा बघून मी थांबलो. एका दिवसाची मजुरी आणि एक एकर जमिनीचा जुना सरकारी भाव, दोन्ही सव्वा डॉलर. आलेली माणसं बरीचशी आयरिश आणि जर्मन. तळांवर कॉलरा आला आणि त्यातली कित्येक तिथेच पुरली गेली. चौकोनांचा नकाशा त्यांच्यासाठी नव्हता.

कंपनीचे पहिले अध्यक्ष रॉबर्ट स्कायलर यांनी दुसऱ्याच एका रेल्वेचे बनावट शेअर काढल्याचं १८५४ मध्ये उघड झालं आणि या कंपनीवरच्या विश्वासालाही हादरा बसला. तरीही २७ सप्टेंबर १८५६ रोजी सगळा मार्ग पुरा झाला. ७०५ मैल. त्या वेळी एका कंपनीचा एवढा लांब रेल्वेमार्ग जगात दुसरीकडे नव्हता.

मग जमीनविक्री. जर्मन, स्वीडिश, नॉर्वेजियन भाषांत पत्रकं निघाली. भाव स्टेशनपासूनच्या अंतरावर ठरत, एकरी पाच-सहा डॉलरपासून पंचविसापर्यंत. पैसे काही वर्षांच्या हप्त्यांनी. एक अट मला फार बोलकी वाटते: पहिली पाच वर्षं दरवर्षी एक दशांश जमीन नांगराखाली आणायची, म्हणजे पाच वर्षांत निम्मं शेत पिकलं पाहिजे. जमीन अडवून बसणारा कंपनीला नकोच होता. पडीक चौकोनातून मालगाडी भरत नाही.

१८५७ मध्ये पुन्हा आर्थिक पडझड झाली. हप्ते थकले, ऑक्टोबरमध्ये कंपनीला काही काळ देणी थांबवावी लागली. तेव्हाचे अध्यक्ष विल्यम ऑझबर्न यांनी ती सावरली. यादवी युद्ध सुरू झाल्यावर मिसिसिपीचा दक्षिणेकडचा रस्ता बंद झाला, मक्याचे भाव कोसळले आणि शेतकऱ्याकडे हप्त्याला रोकड उरली नाही. तेव्हा कंपनीने हप्त्यापोटी मकाच घ्यायला सुरुवात केली. कर्जदार शेतकऱ्याच्या दारात जप्ती नेण्यापेक्षा त्याचा मका आपल्याच डब्यांत भरून विकणं शहाणपणाचं होतं. सावकाराला आणि कुळाला एकच रूळ लागत होता.

इलिनॉयची लोकसंख्या १८५० मध्ये साडेआठ लाख, १८६० मध्ये १७ लाख. शिकागो ३० हजारांवरून लाखाच्या पलीकडे. याचं सगळं श्रेय एका रेल्वेला देता येणार नाही, पण मधला रिकामा पट्टा भरला तो तिच्यामुळेच.

एक खोट मात्र सांगायला हवी. सनदेने कंपनीला गावं वसवायला मनाई केली होती. तेव्हा कंपनीतल्याच काही संचालक-अधिकाऱ्यांनी वेगळा गट केला, स्टेशन कुठे येणार हे आधी माहीत असल्याने शेजारची जमीन घेतली आणि प्लॉट पाडून विकले. आपल्याकडे रिंगरोडची आखणी आधी कोणाला कळते, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हे समजावून सांगायला नको. अर्बाना गावाच्या दोन मैल पश्चिमेला रूळ पडले आणि स्टेशनाभोवती नवीन गाव उठलं. तेच आजचं शॅम्पेन.

लिंकनचं बिल

मॅक्लीन जिल्ह्याचं म्हणणं होतं की कंपनीची मालमत्ता आमच्या हद्दीत आहे, तर आमचा कर भरा. कंपनी म्हणाली, आम्ही राज्याला हिस्सा देतो, जिल्ह्याचा कर माफ आहे. कंपनीचे वकील लिंकन. १८५६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. लिंकन यांनी ५,००० डॉलर फी मागितली, कंपनीने देईना म्हटलं, तेव्हा त्यांनी कंपनीवरच दावा लावून १८५७ मध्ये ती वसूल केली.

लोकांना फीचा किस्सा आठवतो. मला जिल्ह्याची बाजू जास्त खरी वाटते. रूळ त्यांच्या हद्दीतून, पूल आणि रस्ते त्यांनी सांभाळायचे, आणि सात टक्के जातात राजधानीत. कायद्याने निकाल योग्य असेल, तरी वरच्या सरकारने सौदा करताना गावाचा वाटा लिहिलाच नव्हता.

आपल्याकडचा हिशेब

याच काळात आपल्याकडे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे उभी राहत होती. ऑगस्ट १८४९ मध्ये करार, १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी. लंडनचंच भांडवल, पण रचना उलटी. कंपनीला जमीन फुकट आणि भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी, तूट पडली तर ती हिंदुस्थानच्या महसुलातून. इलिनॉयमध्ये कंपनी आपल्या गल्ल्यातून राज्याला सात टक्के देत होती. इथे आपली तिजोरी कंपनीच्या भागधारकांना पाच टक्के भरून देत होती. फरक इंजिनात नव्हता. इलिनॉयचे लोक आपल्या सौद्याच्या टेबलाशी स्वतः बसले होते, आपल्याकडे ते टेबलच लंडनमध्ये होतं.

जमिनीतून रेल्वे हा मार्ग आपण पुढे नवी मुंबईत चालवला. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, जमीन हेच तिचं भांडवल. मानखुर्द-बेलापूर लोकलच्या खर्चातला ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला, ३३ टक्के रेल्वेने. म्हणजे वाशीच्या प्लॉटच्या पैशातून वाशीची लोकल. हे मुळात चांगलंच तत्त्व आहे, कारण लोकलमुळे जमिनीचा भाव वाढतो आणि वाढलेल्या भावातूनच लोकल बांधली जाते. पण ती जमीन ९५ गावांची होती. दि. बा. पाटलांचं आंदोलन उभं राहिलं, जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातल्या गोळीबारात पाच जण गेले, आणि मग कुठे प्रकल्पग्रस्तांना विकसित जमीन परत देणारं ‘साडेबारा टक्के’ आलं. पोटावाटोमींना तेव्हा साडेबारा काय, काहीच परत मिळालं नाही. तरी दोन्हीकडे मूळ मालकाचा वाटा पहिल्या कागदात नव्हता, हे खरंच.

तळ्याखालची जमीन

त्याच राज्याने त्याच कंपनीशी पुढे आणखी एक सौदा केला. शिकागोत रूळ मिशिगन सरोवराच्या काठाने आत आले होते. १८६९ मध्ये विधिमंडळाने सरोवराच्या तळाची हजार एकरांहून जास्त जमीन कंपनीला देऊन टाकली. गव्हर्नर जॉन पामर यांनी नकार दिला, विधिमंडळाने तो झुगारला. या कायद्यातही बंदराच्या एकूण उत्पन्नाचे सात टक्के राज्याला द्यायची तरतूद होती. कागदावर जुनाच नमुना. पण इथे एकाआड एक चौकोन नव्हते. शहराचं बंदर सलग एकाच हातात जाणार होतं, आणि राज्याकडे राखलेलं असं काही उरत नव्हतं.

१८७३ मध्ये विधिमंडळाने कायदा मागे घेतला. कंपनी भांडत राहिली. १८९२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी निकाल दिला: तळ्याखालची जमीन राज्याच्या मालकीची असली तरी ती लोकांसाठी विश्वस्त म्हणून आहे, बंदराचा ताबा असा सोडून देता येत नाही. न्यायमूर्ती स्टीफन फील्ड यांनी तो लिहिला. प्रेअरीतली, म्हणजे मधल्या गवताळ पट्ट्यातली जमीन विकायला कोणाची हरकत नव्हती. पाणी, काठ, बंदर यांना मात्र विक्रीचा नियम लागू नाही, ही रेषा तिथे ओढली गेली.

ती रेषा आपल्यापर्यंत आली. ब्यास नदीच्या पात्राशी केलेल्या खेळाबद्दलच्या ‘एम. सी. मेहता विरुद्ध कमल नाथ’ या खटल्यात डिसेंबर १९९६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने लोकन्यासाचं हे तत्त्व स्वीकारताना इलिनॉय सेंट्रलच्या निकालाचा आधार घेतला. आणि २००९ मध्ये गोव्यात, दोनापावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्यावर जाणाऱ्या वाटेच्या खटल्यात, एका हॉटेलच्या बांधकामाने अडलेली लोकांची वाट मोकळी करण्याचा उच्च न्यायालयाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने याच तत्त्वावर कायम केला.